मुलाविषयी दिलेल्या दोन उत्तरांबाबत खुलासा

दि. ९ एप्रिल

प्रति,
मा. उपनियंत्रक (निकाल पडताळणी),
इंग्रजी भाषा प्रावीण्य परीक्षा विभाग,
दुसरा मजला, खिडकी क्र. ६.

विषय: तोंडी परीक्षेत अर्जदाराने आपल्या मुलाविषयी दिलेली उत्तरे परस्परविरोधी असल्याबाबत खुलासा, व राखून ठेवलेला निकाल जाहीर होण्याबाबत.

संदर्भ: आपले पत्र दि. २० मार्च, अर्जदारास मिळाले दि. २६ मार्च. खुलाशाची मुदत एकवीस दिवस.

महोदय,

१. आपल्या पत्रासोबतच्या सूचनापत्रकात खुलासा कसा लिहावा याविषयी नऊ सूचना आहेत. खुलासा उमेदवाराच्या मातृभाषेत चालेल, तो तृतीय पुरुषी असावा, कागदाच्या एकाच बाजूस लिहावा आणि त्यात खाडाखोड नसावी, या पहिल्या चार. उरलेल्या पाच पाकिटाविषयी आहेत. अर्जदाराने नऊच्या नऊ पाळल्या आहेत. स्वतःचा उल्लेख 'अर्जदार' असा करताना पहिल्या दोन ओळी हात अडखळला, पुढे ते सोयीचे वाटू लागले. अर्जदार हा कोणी दुसराच इसम असून त्याची कागदपत्रे आपण भरून देत आहोत, असे वाटते आणि काम उरकते.

२. अर्जदार लिफ्ट दुरुस्तीचे काम करतो. या कामात त्याला सतरा वर्षे झाली असून शहरातील सेहेचाळीस लिफ्ट त्याच्या देखभालीत आहेत. अर्जदाराची पत्नी परिचारिका असून गेली पाच वर्षे परदेशातील एका रुग्णालयात नोकरीस आहे. नवरा व मुलगा यांना तिकडे बोलावून घ्यायचे, असे ती जातानाच ठरले होते. तिने भरलेल्या पहिल्या फॉर्मवर दोन नावे होती, नंतरच्या फॉर्मवर एक आहे. तिकडे जाण्यासाठी अर्जदारास ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे या चारही भागांत किमान पाच गुण हवेत. पहिल्या तीन भागांत अर्जदार पहिल्याच खेपेस पास झाला, कारण लिफ्टची माहितीपुस्तके इंग्रजीत असतात आणि ती न वाचता काम करणारा माणूस या धंद्यात फार दिवस टिकत नाही. घोडे अडले ते बोलण्यात. या भागाला अर्जदार सात वेळा बसला आहे. पत्नीच्या प्रायोजकत्वाची मुदत ३० एप्रिलला संपते. मागच्या महिन्यात ती फोनवर म्हणाली, "यानंतर मी फॉर्म भरणार नाही. माझ्याच्यानं आता होत नाही." ती रागावून बोलली नाही, दमून बोलली. त्यामुळे ती तसेच करील, याची अर्जदारास खात्री आहे.

३. सातव्या प्रयत्नात अर्जदारास सात गुण मिळाले असून तो निकाल आपण राखून ठेवला आहे. आपल्या पत्रात म्हटल्याप्रमाणे, उमेदवाराने सहा वेळा आपला एकुलता एक मुलगा हयात नसल्याचे सांगितले आणि सातव्या वेळी तोच मुलगा अकरा वर्षांचा असून शाळेत जात असल्याचे सांगितले. शिवाय आधीच्या सहा व सातव्या ध्वनिमुद्रणांतील आवाजाचा ढंग इतका वेगळा आहे, की सातव्या वेळी उमेदवाराच्या जागी भलताच कोणी बसला असावा, असा संशय आहे. संशय अगदीच गैरवाजवी आहे, असे अर्जदाराचे म्हणणे नाही. गेल्या शुक्रवारी खिडकी क्र. ६ वरील लिपिकाने अर्जदारास कानाला हेडफोन लावून सहावे व सातवे मुद्रण ऐकवले. सातव्या मुद्रणातला माणूस अर्जदारासही अनोळखी वाटला. तो आवडला, हेही नमूद करणे भाग आहे.

४. पहिल्या प्रयत्नाच्या वेळी मुलाला जाऊन चार महिने झाले होते. तो आठ वर्षांचा होता आणि शाळेत, दम्याच्या झटक्याने गेला. परीक्षेच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, ध्वनिमुद्रक, पाण्याचा जग व भिंतीवर दहा मिनिटे पुढे असलेले घड्याळ होते. समोर वयस्कर परीक्षक बाई होत्या. त्यांनी दिलेल्या कार्डावर, तुमच्या चांगल्या लक्षात राहिलेल्या एका दिवसाविषयी सांगा, असे लिहिलेले होते. विचार करायला एक मिनिट, बोलायला दोन. अर्जदार ज्या क्लासला जात असे, तेथे त्याने सहलीचा दिवस तयार केला होता: बस, डोंगर, फोटो वगैरे. तोंड उघडले तेव्हा सहल आली नाही, तो दुसराच दिवस आला. त्याआधी अर्जदाराने तो कोणालाही सांगितला नव्हता. इंग्रजीत अर्जदाराला आजवर कोणी रागावलेले नाही, कोणी लाडाने हाक मारलेली नाही, त्या भाषेत त्याने कोणाची समजूतही काढलेली नाही. म्हणून त्या भाषेत सांगता आले. मध्ये तो नऊ ठिकाणी थांबला. परीक्षक बाई म्हणाल्या, "वेळ घ्या. घाई नाही." घड्याळ मात्र त्यांनी थांबवले नाही, तसा नियम नसावा. गुण साडेचार मिळाले. शेरा होता, दीर्घ विराम, वाक्ये तुटक.

५. येथे अर्जदाराकडून जी चूक झाली ती त्याच्या धंद्यातील माणसाकडूनच होऊ शकते, असे त्याला आता वाटते. लिफ्ट मधेच थांबत असेल तर ती नेमकी कुठे थांबते ते शोधायचे, तो भाग घासूनपुसून साफ करायचा आणि ती न थांबता वरपासून खालपर्यंत जाईस्तोवर फेऱ्या मारायच्या, हे त्याचे रोजचे काम. शेऱ्यात विराम हा दोष दाखवला होता. अर्जदाराने वहीत आपले नऊ थांबे लिहून काढले व एकेक दुरुस्त करायला घेतला. लिफ्टच्या तळाशी एक खड्डा असतो, तेथे उतरून काम करताना वरून कोणी डोकावत नाही. त्या खड्ड्यात अर्जदार ती हकीकत इंग्रजीत म्हणत असे, दिवसातून पंधरा-वीस वेळा. सुरुवातीला चौथ्या थांब्यापाशी हातातला पाना खाली ठेवावा लागे. तिसऱ्या आठवड्यात तेही बंद झाले. दीड महिन्यात थांबे संपले.

६. दुसऱ्या प्रयत्नात कार्डावर उपयुक्त यंत्राविषयी विचारले होते. अर्जदाराने लिफ्टपासून सुरुवात केली व चौथ्या वाक्याला तो शाळेच्या मैदानात होता. तिसऱ्या वेळी आवडत्या शिक्षकाविषयी, चौथ्या वेळी एखाद्या वस्तूच्या खरेदीविषयी, पाचव्या वेळी उन्हाळ्याविषयी विचारले. सहाव्या वेळचे आता आठवत नाही. कोणत्याही कार्डावरून तेथे जाता येते, हे आपल्याकडील मुद्रणांवरून दिसेलच. गुण साडेचारवरून चारवर आले. शेरा सगळ्या वेळी जवळपास तोच: उत्तर घोकलेले, आवाजात चढउतार नाही, उमेदवारास विषयाबद्दल आत्मीयता दिसत नाही. या शेऱ्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. तो बरोबर आहे. सांगताना अर्जदाराला काहीही वाटत नसे आणि पुढेपुढे न सांगतानाही काही वाटेनासे झाले. जेवण जाते, झोप लागते, सेहेचाळीस लिफ्ट चालू आहेत.

७. सातव्या प्रयत्नाआधी क्लासच्या बाईंनी अर्जदाराची गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि हातातला खडू खाली ठेवला. म्हणाल्या, "ही आता ठेवून द्या. दुसरी सांगा काहीतरी. खरीच सांगायची असं कुठं लिहिलंय?" अर्जदाराने परीक्षेची नियमपुस्तिका तपासली. पान ११ वर, परीक्षेत भाषेचे मूल्यमापन होते, कथनाच्या खरेखोटेपणाचे नव्हे, असे स्पष्ट छापलेले आहे. त्या पानाची प्रत जोडली आहे. आपले पत्र या पानाशी जुळत नाही, एवढे नम्रपणे निदर्शनास आणतो.

८. सातव्या वेळी परीक्षक तरुण होते. कार्ड होते, तुम्ही रोज ज्याच्याशी बोलता अशा व्यक्तीविषयी सांगा. अर्जदाराने सांगितले की ती व्यक्ती त्याचा मुलगा आहे, वय अकरा. लहानपणी छातीतून शिट्टीसारखा आवाज येई म्हणून घरात त्याला शिट्टी म्हणतात आणि हे नाव त्याचे त्यानेच ठेवून घेतले आहे. एकदा शाळेत त्याला जोराचा झटका आला होता. पण दम्याचा पंप दप्तरात होता, वर्गशिक्षिकेने लगेच दिला, दहा मिनिटे बाकावर बसवले आणि फोन करून कळवले. आता उंची वाढली तसा त्रास कमी झाला आहे. सुटीच्या दिवशी तो बापाबरोबर कामावर येतो आणि दर मजल्याचे बटण मीच दाबणार म्हणून हटून बसतो, एवढा घोडा झाला तरी. बापाचे इंग्रजी ऐकून हसतो. बाप परीक्षेत नापास झाला की त्याच्या निकालपत्रावर सही कोणी करायची, असे आईला फोनवर विचारतो. यावर परीक्षक हसले. अर्जदारही हसला. दोन मिनिटे कधीच संपली होती, परीक्षकांनी हात वर केला नाही. पुढच्या प्रश्नोत्तरांतही मुलाचाच विषय चालला. एकूण अकरा मिनिटे झाली. यातले काहीही अर्जदाराने घोकलेले नव्हते. शेरा आहे, ओघवते, उत्स्फूर्त, वक्ता विषयात रमलेला. त्या अकरा मिनिटांत अर्जदाराला आनंद झाला होता. खुलाशात हे लिहिण्याची गरज नसेल, पण वगळले तर खुलासा अपुरा राहील.

९. आपल्या पत्राच्या शेवटी असे म्हटले आहे, की आवाजाची ओळख पटवण्यासाठी सातही ध्वनिमुद्रणे प्रायोजकाकडे, म्हणजे अर्जदाराच्या पत्नीकडे, पाठवण्यात येतील. तसे न करण्याची कळकळीची विनंती आहे. ओळख पटवण्यासाठी कंपनीचा दाखला, बोटांचे ठसे, काय लागेल ते देण्यास अर्जदार तयार आहे. पहिल्या सहा मुद्रणांत असे एक वाक्य आहे, जे पत्नीला माहीत नाही. ते तिच्या कानावर गेल्यास राखून ठेवलेल्या निकालाचा काही उपयोग उरेल, असे वाटत नाही.

१०. ते वाक्य काय, असे आपण विचाराल. आपल्या पत्रात, जे उत्तर खरे असेल त्याचा पूर्ण तपशील द्यावा, असेही आहे. म्हणून देत आहे. ही हकीकत अर्जदार प्रथमच आपल्या भाषेत लिहीत आहे. वहीतले थांबे इंग्रजी वाक्यांचे होते, त्यांचा येथे उपयोग होत नाही, असे दिसते.

मंगळवार होता. पंपाच्या पाठीमागे उरलेल्या मात्रांचा आकडा दिसतो. तो वीसच्या खाली गेला की नवा आणायचा आणि एक जास्तीचा कायम घरात ठेवायचा, अशी पत्नीची शिस्त होती. जास्तीचा संपून महिना झाला होता. आज आणू, उद्या आणू, असे चालले होते. त्या सकाळी दप्तर भरताना अर्जदाराने आकडा पाहिला आणि पंप काढून स्वतःच्या खिशात टाकला. मागच्या खेपेस दुकानातून तसाच दिसणारा भलता पंप आणला म्हणून पत्नीने फोनवर फैलावर घेतले होते. तेव्हा दुकानदाराला जुना दाखवूनच नवा घ्यायचा आणि मधल्या सुटीच्या आत शाळेत नेऊन द्यायचा, असे त्याने ठरवले. मुलगा म्हणाला, "बाबा, मला लागला तर?" अर्जदार म्हणाला, "दोन तासांत काय होतंय?"

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी फोन आला, की एका इमारतीत चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे लिफ्ट अडकली असून आत तीन माणसे आहेत. अर्जदार दुकानाच्या दारातून परत फिरला. नियमाप्रमाणे माणसे आधी. लिफ्टच्या बोगद्यात फोनला रेंज नसते. शाळेने बारा वाजून पाच मिनिटांपासून साडेबारापर्यंत सहा फोन केले. पंप त्या वेळी अर्जदाराच्या वरच्या खिशात, टेस्टरच्या शेजारी होता. बारा-चाळीसला तिसरे गृहस्थ बाहेर आले. ते वयस्कर होते. त्यांनी अर्जदाराचा हात दोन्ही हातांत धरला आणि फार भीती वाटली हो, असे म्हणाले. अर्जदार म्हणाला, आता काही काळजी नाही. मग तो बाहेर आला आणि फोन वाजला.

पत्नी सहा दिवसांच्या रजेवर आली. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात, गॅसपाशी उभी राहून, पाठमोरीच तिने विचारले, "पंप दप्तरात होता ना?" अर्जदार म्हणाला, "होता."

त्यानंतर तिने पुन्हा विचारलेले नाही. वर्गशिक्षिकेने दप्तर तीन वेळा जमिनीवर उलटे करून पाहिले होते आणि पंप नव्हता, असे ती सगळ्यांना सांगत होती. पत्नीला वाटते, ती स्वतःची कातडी वाचवते आहे. शाळेला तिने दोन पत्रे लिहिली. वर्ष संपताच शिक्षिकेने नोकरी सोडली. जाण्याआधी ती एकदा घरी आली, चहा घेतला, भिंतीवरच्या फोटोकडे बघत बसली आणि मी नीट पाहिलं होतं हो, एवढेच म्हणाली. अर्जदाराने तिला बिस्किटे पुढे केली. अर्जदाराला याची लाज वाटते. हे वाक्य इंग्रजी उत्तरात नव्हते.

११. कलम १० लिहायला तीन दिवस लागले, म्हणून आरंभीची तारीख व कागदांची शाई जुळणार नाही. ते लिहून झाल्यावर कलम ९ पुन्हा वाचले. खाडाखोड चालत नसल्यामुळे ते जसेच्या तसे ठेवून ते वाक्य पत्नीच्या कानावर जाऊ नये, ही त्यातील विनंती अर्जदार मागे घेत आहे. मात्र प्रायोजकाकडे ध्वनिमुद्रणे पाठवू नयेत. त्यांतला दुसऱ्यापासून सहाव्या वेळेपर्यंतचा माणूस न थांबता बोलतो, तिला तो आपला नवरा वाटणार नाही, आणि सातव्याचे ऐकणे तिला झेपेल की नाही, सांगता येत नाही. त्याऐवजी या खुलाशाची प्रत पाठवावी. अर्जदाराने हे फोनवर सांगण्याचा चार वेळा प्रयत्न केला व चारही वेळा तिकडच्या हवेची चौकशी करून फोन ठेवला. तिची ड्यूटी, तिचे दुखरे गुडघे, सगळे विचारून होते, एवढे राहते. कार्यालयाच्या शिक्क्याचे पत्र ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, ही तिची सवय आहे.

१२. हे वाचून तिने ३० एप्रिलच्या आत प्रायोजकत्व मागे घेतल्यास निकाल जाहीर करण्याची घाई नाही, तो राखून ठेवलेलाच राहू द्यावा. तिने मागे न घेतल्यास तो मुदतीत जाहीर व्हावा.

१३. दोहोंपैकी कोणते उत्तर खरे, या आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे, की पहिले खरे आहे. तथापि फायलीत एकच उत्तर ठेवता येत असेल आणि ते कोणते ठेवायचे हे कार्यालयाच्या हाती असेल, तर कार्यालयाने दुसरे खरे धरावे. अर्जदाराची त्यास हरकत नाही.

कळावे. आपल्या पत्रामुळे हे लिहून झाले, याबद्दल आभार मानावेत की नाही, ते ठरत नाही.

निकाल राखून ठेवलेला,
आपला नम्र,

(सही)
अर्जदार, उमेदवार क्र. ४१७
दि. १२ एप्रिल

सोबत:
१. नियमपुस्तिका, पान ११ ची प्रत.
२. कंपनीचा ओळखीचा दाखला.
३. मुलाच्या मृत्यूचा दाखला, प्रत.
४. शाळेतून आलेल्या सहा फोनची वेळेसह नोंद.
५. दम्याचा पंप, निळा, नग एक. मागील आकडा ११. फायलीस लावू नये, पाहून परत द्यावा.

प्रत माहितीसाठी:
प्रायोजक, अर्जदाराची पत्नी. वर्गशिक्षिका; तिचा सध्याचा पत्ता अर्जदाराने शोधून काढला आहे, तो पाकिटाच्या आतील बाजूस लिहिला आहे.